टिकलीला न दिसलेलं आम्ल

धैर्यशीलला बोलायची रीत नव्हती. उलट बोलायचा, शिव्या द्यायचा असलं काही नव्हे. तसलं पोर शेवंताक्काच्या घरात टिकलंच नसतं. त्याची खोड निराळी होती. आईची खबर तो आईला सोडून तिच्या दंडाला विचारायचा.

रॉटरडॅमच्या बंदरात द्राक्षांचं मोठं शीतगृह आहे, तिथं तो कामाला. सकाळी कामावर जाता जाता फोनचा पडदा बघायचा. आईच्या नावापुढं हिरवा ठिपका असला की फोन खिशात. रविवारी तेवढा बोलायचा, पण त्यातही पहिलं वाक्य ठरलेलं.

"आई, तुझे आकडे एकदम छान आहेत."

फोन ठेवला की आक्का शालनकडं वळायची. शालन तिच्या बेदाण्याच्या शेडातली मुकादमीण, वीस वर्षं हाताखाली राबलेली.

"आकडे छान आहेत म्हणं माझे. म्हणजे मी काय म्हैस झाले का गं, फॅट किती लागली ते बघायला?"

"काळजीपोटीच बघतात की, आक्का."

"काळजी असती तर विचारलं असतं. बघतोय तो काळजी नसावी म्हणून."

तासगावच्या वाटेवर आक्काचं शेड होतं. नवरा गेल्यावर एकोणीस वर्षं तिनं एकटीनं चालवलेलं. शाळा तिसरीपर्यंतची, पण बेदाणा मुठीत धरून ओल किती राहिली ते सांगायची, आणि व्यापारी तिच्या मुठीवर यंत्रापेक्षा जास्त भरवसा ठेवायचे. अशा बाईच्या डाव्या दंडाला गेल्या दिवाळीत पोरानं ती वस्तू चिकटवली आणि तो परत गेला. आक्का तिला टिकली म्हणायची. "कुंकू पुसलं तेव्हा वाटलं सुटले, तर आता लेकानं दंडाला टिकली लावली."

टिकली रुपयाएवढी. तिच्या पोटाला केसाहून बारीक अशा चारशे सुया. कातडीच्या खाली, रक्त लागत नाही एवढ्याच खोलीवर, जो ओलावा असतो तो त्या अष्टौप्रहर चाखत बसायच्या. साखर किती, मीठ किती, पाणी किती. शिवाय दोन आम्लं. एक दमलेल्या अंगाचं. ताप चढला, रक्त पोचेनासं झालं की वाढणारं. दुसरं भुकेचं; खायला मिळालं नाही की शरीर स्वतःची चरबी जाळायला काढतं, त्या चुलीचा धूर म्हणा. माणूस एकाएकी अत्यवस्थ झाला की बहुतेक वेळा ह्या दोघांतलंच एक वाढलेलं असतं. म्हणून कंपनीनं दोनच धरली होती. सगळं ठीक तर हिरवं, बिघडलं तर पिवळं, हाताबाहेर गेलं तर लाल. आणि तो रंग एका क्षणात सात समुद्रांपार.

टिकली येण्याआधी धैर्यशील रोज फोन करायचा. निम्मा वेळ भांडणात जायचा. तो म्हणायचा शेड बंद कर, इकडं ये. ती म्हणायची, तिकडं येऊन काय बर्फ निवडू? तो चिडून फोन ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी परत करायचा. टिकली आल्यापासून भांडण नव्हतं. घर कसं निवांत झालं होतं, आणि त्या निवांतपणाला आक्का मनातल्या मनात रोज शिव्या घालत होती.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. आक्काचा कडक उपवास, दिवसभर पाण्यावर. संध्याकाळी घट मांडला, पूजा झाली, नैवेद्याचं ताट भरलं आणि फोन वाजला. पडद्यावर पोरगं. अंगात जाडजूड कोट, तोंडातून वाफा, मागं खोक्यांच्या थप्प्या. शीतगृहातूनच केला होता.

"आई! काय होतंय तुला? पिवळं झालंय!"

"काही नाही रं. गुरुवार आहे."

"चक्कर येते का? बस आधी. कोण आहे जवळ?"

आक्का बसली. त्याच्या दाढीतलं पांढरं तिला आता नीट दिसलं. तो बोलत राहिला. साहेब कसा खडूस आहे, पेरू देशातली द्राक्षं आली की आपल्याकडच्या मालाला कसं कोपऱ्यात लोटतात, नात मराठीत एक ते वीस म्हणते पण सत्राच्या आधी अठरा घेते. पन्नास मिनिटं. ताटातलं वरण गार झालं, साय धरली. आक्काला भूक लागलेली कळलीच नाही.

पुढल्या सोमवारी आक्का जेवली नाही. सोमवार तिनं जन्मात धरला नव्हता. संध्याकाळी फोन आला. त्या आठवड्यातल्या शनिवारीही आला.

आणखी दोन सोमवार असेच गेल्यावर त्यानं विचारलं, "आई, तू नक्की कुठले कुठले उपवास करतेस? एकदा सगळे सांग."

खरं सांगायची ती वेळ होती. अरे बाबा, उपवास कसले, तू दोन शब्द बोलावंस म्हणून पोट मारतीया, एवढं म्हटलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण असलं वाक्य बोलणारी जीभ देवानं तिच्या तोंडात बसवलीच नव्हती. टोचून बोलायला सांगा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलेल. मागायला सांगा, दातखीळ.

"सोमवार," ती म्हणाली. "गुरुवार. शनिवार. दोन्ही चतुर्थ्या, दोन्ही एकादश्या. प्रदोष."

"बाप रे. एवढे कधीपासून?"

"तुला काय माहीत, तू असतोस का इथं?"

तो हसला, पडद्यावर बोटं चालवली. "झालं. हे सगळे वार मी टिकलीत भरले. आपल्याकडच्या लोकांसाठी त्यांनी खास सोय केलीय, उपवास सवलत म्हणतात. आता त्या दिवशी भुकेचं आम्ल वाढलं तरी ती ओरडणार नाही. आणि उपवास पुरा झाला की माझ्याकडं एक कमळ उमलतं. तू आता निवांत कर. खरंच आई, तुझी श्रद्धा बघून भरून येतं."

फोन बंद झाला. आपल्या हातानं दार लावून आपणच आत अडकावं, तसं झालं.

आता मोडायचं म्हटलं तर मोडता येईना. घास पोटात गेला की साखर चढणार, कमळ उमलणार नाही, पोरगं विचारणार: काय आई, आज सोमवार ना? शेवंताक्कानं सांगितलेला उपवास शेवंताक्कानंच मोडला, हे ऐकायला ती तयार नव्हती. शेडातल्या बायकांसमोरही तिनं तोऱ्यात सांगून टाकलं होतं. तेव्हा आठवड्याचे चार-पाच दिवस कोरा चहा आणि पाणी. उरलेल्या दिवशी जेवायला बसावं तर आकसलेलं पोट अर्ध्या भाकरीला नको म्हणायचं. पहिली काही कमळं उमलली तेव्हा धैर्यशीलनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मग तेही थांबलं. आक्का मात्र फोन उशाशी ठेवून बसायची. एवढं पोट जाळल्यावर कधीतरी पिवळं होईल, सवलतीच्या पलीकडं जाईल, असं तिला वाटायचं.

थंडीत गुडघे धरले. आक्कानं साधी पॅरासिटामॉलची गोळी सुरू केली. सकाळी दोन, दुपारी दोन, संध्याकाळी दोन. पाकिटावर लिहिलंय त्याहून एक जास्त नाही. तापाची गोळी, पोराबाळांना देतात ती. तिच्याबद्दल कुणाला सांगायचं काय? गुढीपाडवा आला, बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. शालन म्हणाली, "आक्का, वाळला की वो." आक्का म्हणाली, "बेदाण्याच्या शेडात राहून टपोरी द्राक्षं राहतात का कुठं?"

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, शेडात निवड जोरात होती. रंग बघून माल वेगळा करणारं यंत्र भरभर चालत होतं आणि त्याच्या पुढं वीस बायका काड्या वेचत होत्या. आक्का खुर्चीवर बसून देखरेख करत होती. शालनच्या ध्यानात आलं की गेली दहा मिनिटं आक्का कुणाला काही बोललेली नाही.

ती जवळ गेली. आक्का श्वास घेत होती. पण बसलेल्या बाईचा तो श्वास नव्हता. खोल, भराभर, पाटीचं ओझं घेऊन चढ चढल्यासारखा. ओठ कोरडे. एकदा उलटी झाली, नुसतं पाणी.

शालननं धैर्यशीलला फोन लावला.

"सगळं हिरवं आहे गं शालनताई," तो म्हणाला. "मी आत्ताच बघतोय. साखर ठीक, पाणी जरा कमी. आज एकादशी आहे ना? दमली असेल. लिंबूपाणी दे."

"दादा, तुमचं हिरवं तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. हितं बाई धापा टाकतीया!"

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. बेदाण्याच्या पेट्या उतरवून बॅटरीवरचा पिकअप मोकळा केला, मागं गादी टाकली आणि आक्काला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथं तातडीच्या विभागात डॉक्टर तस्नीम मुजावर होती. वय तीस असेल. तिनं मनगटातून रक्त घेतलं आणि पाच मिनिटांत तिच्या कपाळावर आठी पडली. रक्त आंबलं होतं. माणसाच्या रक्ताचं माप सात पूर्णांक चारच्या आसपास घुटमळतं, जरासं घसरलं तरी अवयव कुरकुरतात. आक्काचं सात पूर्णांक एकवर आलं होतं. तो आंबटपणा श्वासावाटे बाहेर फेकायला छाती जिवाच्या आकांतानं धडपडत होती. म्हणून त्या धापा. छाती थकली की संपलं.

आता हे आम्ल आलं कुठून? साखर बरी. मूत्रपिंडं चालू. दमलेल्या अंगाचं आम्ल नेहमीएवढंच. भुकेचं थोडं होतं, पण एवढ्या आंबटपणाला ते पुरत नव्हतं.

तिनं शालनला बाजूला घेतलं. फोनच्या पडद्यावर धैर्यशील होताच, भिंतीला पाठ लावून उभा.

"हे बघा," डॉक्टर म्हणाली, "तुम्ही बेदाण्यातली माणसं. पंधरा किलोची पेटी आहे. उघडून मोजली तर बेदाणा भरतोय दहा किलो. काटा खोटा नाही. मग पाच किलो कशाचे? रक्ताचा काटा सांगतोय की आत काहीतरी भरलंय, आणि आमच्या नेहमीच्या तपासण्यांना त्याचं नाव माहीत नाही. असली आम्लं क्वचित सापडतात, पण पाचसहा तरी आहेत. प्रत्येकाचा उपाय निराळा. रक्त पुण्याला पाठवून नाव कळायला उद्या उजाडेल. तेवढा वेळ ह्यांच्या छातीत नाही. नाव त्यांच्याकडूनच मिळालं तर काही करता येईल."

ती आक्काच्या कानाशी वाकली. "आक्का, खरं सांगा. काही प्यायलात का? काढा, रंग पातळ करायचं तेल, दारू?"

आक्कानं डोळे उघडले. "दारू? माझ्या उंबऱ्यावर पिऊन आलेल्याला मी पाणी विचारत नाही, पोरी."

"बरं. जेवण?"

"दोन वेळा. व्यवस्थित."

"उपवास असतात तिचे," फोनमधून धैर्यशील म्हणाला. "देवाधर्माचे. बाकी ती नीट खाते. मी रोज बघतो, डॉक्टर. औषध काहीच नाही तिला."

डॉक्टरनं आक्काचा हात उचलला. बांगड्या घसरत कोपरापर्यंत गेल्या. दंडावरच्या टिकलीच्या कडा सुटल्या होत्या. चिकटायला खाली मांसच नव्हतं.

"आक्का," ती हळू म्हणाली, "हा फोन मी बंद करू? मग सांगाल?"

आक्कानं पडद्याकडं बघितलं. तिकडं सकाळ होती. पोराचे केस विस्कटलेले, सदऱ्याचं वरचं बटण चुकीच्या काजात. लहानपणी शाळेत जाताना असंच घालायचा आणि ती टपली मारून नीट करायची. चार महिने ती ज्या तोंडाची वाट बघत होती ते आता समोर होतं, तेवढंच घाबरलेलं, तेवढंच आपलं. फोन बंद केला तर डॉक्टरला खरं सांगता येईल, जीव वाचेल, आणि पोराला काही कळायचं नाही. तो परत हिरवा ठिपका बघून कामाला जाईल. अब्रू शाबूत.

छाती वर गेली, खाली आली. अशा छातीवर किती वेळ अब्रू तोलायची?

"ऱ्हाऊ दे चालू," ती म्हणाली. "त्यालाही ऐकू दे."

मग ती तुटक तुटक बोलली. एकेका श्वासाला दोन-दोन शब्द. सोमवार खोटा. शनिवार खोटा. प्रदोष तर तिला नेमका कधी येतो तेही ठाऊक नव्हतं. चार महिने धड पोटात अन्न नाही. गुडघ्याला रोज सहा गोळ्या, तापाच्या, पांढऱ्या.

"कशासाठी, आई?" धैर्यशीलचा आवाज चिरकला. "असं कशासाठी केलंस?"

"पहिल्या गुरुवारी," आक्का म्हणाली, "पिवळं झालं. तू पन्नास मिनिटं बोललास."

पलीकडं तो डोक्यावर हात घेऊन खाली बसला. पडद्यात नुसती भिंत उरली.

डॉक्टरला नाव मिळालं होतं. तिनं एका हातानं सलाईन सोडली, दुसऱ्यानं औषध मागवलं आणि शालनला सांगत राहिली, कारण शालनला कुणीतरी काहीतरी सांगायची गरज होती. त्या गोळीतला थोडा भाग शरीरात विषारी होतो. त्याला धरायला यकृतात एक राखणदार असतो, ग्लुटाथायोन त्याचं नाव. तो अन्नातल्या प्रथिनांपासून तयार होतो. पोटात अन्नच नाही म्हटल्यावर नवा राखणदार तयार होईना, आणि असलेले गोळीमागं खर्ची पडत गेले. शरीराला वाटलं माल कमी पडतोय, त्यानं कारखाना आणखी जोरात हाकला. पण शेवटच्या टप्प्याला लागणारं सामान नाही. मग अर्धाकच्चा माल साचत गेला. पायरोग्लुटॅमिक आम्ल म्हणतात त्याला. गोळी नियमातच घेतलेली असते, उपासही माणूस जगेल एवढाच असतो. दोन्ही एकत्र आले, त्यात म्हातारी बाई असली, की असं होतं. टिकलीला हे आम्ल शिकवलेलंच नव्हतं. आणि जे शिकवलं होतं, त्यावर उपवासाचं झाकण होतं.

"म्हणजे उपाय?"

"गोळी बंद. राखणदार परत तयार होईल असं औषध शिरेतून. आणि अन्न, हळूहळू. शालनताई, तुम्ही त्या टिकलीचं ऐकून लिंबूपाणी देत बसला असता ना, तर मला काही करता आलं नसतं."

शालन तिथंच फरशीवर बसून रडली. आक्कानं डोळे मिटूनच म्हटलं, "उठ गं. फरशी काय तू पुसणार आहेस का?"

संध्याकाळपर्यंत श्वास जरा लांबला. दुसऱ्या दिवशी पुण्याहून आम्लाचं नाव आलं. डॉक्टरनं धरलं होतं तेच. आक्कानं वाटीभर मऊ भात खाल्ला आणि तो अळणी केल्याबद्दल दवाखान्याच्या स्वयंपाक्याचा उद्धार केला. शालनला हायसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी धैर्यशील दारात उभा राहिला. हातात पिशवी, अंगावर प्रवासाचा वास. आत येऊन त्यानं आधी खाटेच्या डोक्याशी लावलेल्या यंत्राकडं पाहिलं, तिथले आकडे वाचले, मग आईकडं. आक्कानं ते बघितलं. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि तो रडला. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, शेजारच्या खाटांवरची माणसं बघत होती. आक्कानं रडू दिलं. त्याच्या डोक्यावर हात ठेवला. टाळू लागत होती, केस विरळ झाले होते, हे कुठल्या पडद्यावर दिसलं नव्हतं.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"दहा. अकरावा मिळेल बहुतेक."

दहा म्हटलं की तिच्या मनानं लगेच नऊ धरले. तो समोर बसलेला असतानाच तिला त्याची आठवण यायला लागली.

"आई, मी एक केलंय," तो डोळे पुसून म्हणाला. त्यानं पिशवीतून एक डबी काढली. "त्या कंपनीत भांडलो मी. त्यांची पुढची टिकली आलीय. ही अकरा आम्लं ओळखते, हेसुद्धा. उपवास सवलत काढूनच टाकलीय. आता असं परत होणारच नाही. दंड दे."

शालन खिडकीकडं सरकली. तिला वाटलं, डबी आता खिडकीबाहेर जाणार.

आक्कानं डबी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. वस्तू चांगली होती. बनवणाऱ्यानं मन लावून बनवली होती, ते तिला कळत होतं. तिनं ती शालनच्या हातात ठेवली.

"डॉक्टरीणबाईला नेऊन दे. ज्याचं कुणीच नाही असं माणूस आलं, तर त्याला लावा म्हणावं."

"आई—"

"गप. माझं ऐक आता, मधे बोलू नको." तिनं उशीला टेकून पाठ सरळ केली. "तू वाईट नाहीस, धैर्यशील. निर्दयी नाहीस. तू आळशी आहेस. माया करायलाही कष्ट पडतात, रोज पडतात, आणि ते तू दुसऱ्याच्या गळ्यात घातलेस. मी शहाणी आहे असंही नाही. लेकाला 'बोल माझ्याशी' म्हणायचं सोडून पोट जाळत बसले. माझ्यासारखी मूर्ख बाई तासगावात दुसरी नसेल. पण मी आता बदलायची नाही. एकाहत्तर वर्षांचं लाकूड वाकत नाही. तेव्हा वाकायचं तू. फोन करायचा, रोज. भांडलास तरी चालेल, भांडच. आणि मी म्हणणार, मी बरी आहे. ते खरं धरायचं नाही. परत विचारायचं. दुसऱ्यांदा विचारलंस, की मी खरं सांगते."